गाळलेलं पान

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
२ सप्टेंबर

चि. रेणू,

आशीर्वाद नेहमीचेच, सोबत थोडं काम.

व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की तू अंगठा दाखवतेस आणि संभाषण संपतं. म्हणून ही ईमेल. हिला पत्र समज आणि पत्रासारखं उत्तर दे.

काम असं. शाळा सुरू झाली की इथल्या शाळा पालकांना नियमांच्या सूचनांचा एक गठ्ठा पाठवतात. कायद्याने पाठवावाच लागतो. तुलाही इशिताच्या शाळेकडून येत असेल आणि तूही माझ्या मुलांसारखी ‘वाचलं’ या चौकोनात खूण करून मोकळी होत असशील. पण आमच्याकडे मुलगा-सून कामावर गेल्यावर नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा आहेत ना, त्यांना हे सगळं समजून घ्यायचं असतं. मंगळवारी लायब्ररीत आमचा गट जमतो. तिथे सगळ्यांनी टुमणं लावलं, की सुहासिनीताई, तुम्ही इथे तीस वर्षं काढलीत, आम्हाला हे मराठीत करून द्या. मी हो म्हणून बसले. हौसेला मोल नसतं.

काय काय असतं गं त्यात! शाळेच्या इमारतीत ॲस्बेस्टॉस कुठे आहे याची फाइल कोणीही येऊन पाहू शकतं, अशी एक सूचना आहे. आमचे मनोहरपंत पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. ते खरोखरच फाइल बघून आले आणि ती व्यवस्थित ठेवलेली निघाली म्हणून दिवसभर खट्टू होते. मैदानावर कीटकनाशक मारण्याआधी घरी कळवतात. मुलाचा फोटो छापायचा तर परवानगी लागते. त्यावर वसुधाताई म्हणाल्या, सरळ नाही म्हणून टाका, दृष्ट तरी लागणार नाही. औषध मुलाच्या दप्तरात द्यायचं नाही, नर्सकडे द्यायचं, हे वाचल्यावर तीन आज्यांनी ओव्याच्या पुड्या गुपचूप काढून घेतल्या.

सगळं सोबत जोडलं आहे. तुझी मराठी माझ्यापेक्षा ताजी, तेव्हा डोळ्याखालून घाल. फक्त एक पान मी गाळलं, बेघर मुलांच्या हक्कांचं. ते आपल्या लोकांच्या काय कामाचं? आपल्यात कोणी रस्त्यावर येत नाही. कोणी ना कोणी असतंच. उगाच कागद कशाला वाया घालवायचा?

शंतनूराव बरे आहेत ना? इशिताला गोड पापा.

तुझी मावशी


सांता क्लारा
१४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पत्रासारखं उत्तर देते आहे, अंगठा दाखवलेला नाही.

भाषांतर वाचलं. मजकूर चोख आहे, पण ‘विद्यार्थ्याच्या शैक्षणिक अभिलेखांचे अवलोकन’ असं वाचल्यावर मला वाटलं मी स्पर्धा परीक्षेला बसले आहे. ‘मुलाची शाळेतली कागदपत्रं तुम्हाला बघता येतात’ एवढं पुरे. आज्या घाबरतील गं. बाकी ठिकाणी पेन्सिलने खुणा कराव्यात तशा पिवळ्या खुणा केल्या आहेत.

इकडे ठीक. शंतनू हल्ली घरूनच काम करतो. इशिता पाचवीत गेली. या शाळेतलं तिचं हे शेवटचं वर्ष, पुढे मिडल स्कूल. बँडमध्ये क्लॅरिनेट घेतलं आहे आणि सध्या त्यातून म्हशीसारखा आवाज येतो. तुला आठवतं ना, दुसरीपर्यंत ती वर्गात तोंडच उघडत नव्हती? या शाळेने तिला बोलती केली. आता गप्प करावं लागतं. हे वर्ष तिचं इथेच नीट पार पडावं, एवढंच माझ्या मनात आहे.

एक विचारू? ते पान का गाळलंस? असू दे की. बेघर म्हणजे नेमकं कोणाला धरतात ते तरी त्यात दिलं असेल. पूर्णत्वासाठी म्हणते.

आणि पत्त्याच्या पानावर तू लिहिलं आहेस की शाळेच्या हद्दीबाहेर राहायला गेल्यास कळवावं, नाहीतर मुलाचं नाव काढलं जाऊ शकतं. हे सगळीकडे इतकं कडक असतं का गं? कळवलं की लगेच काढतात, की वर्ष पूर्ण करू देतात? इथल्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं.

काकांना नमस्कार.

तुझी रेणू


वेस्ट विंडसर
२३ सप्टेंबर

चि. रेणू,

तुझ्या पिवळ्या खुणा पाहून तुझ्या आईची आठवण झाली. ताईसुद्धा माझ्या निबंधांवर अशाच खुणा करायची. सगळ्या मान्य केल्या, अभिलेखांसकट.

तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, नियम म्हणजे नियम. मागे आमच्याकडे एका गृहस्थांनी भावाचा पत्ता देऊन मुलगा इथल्या शाळेत घातला होता. सकाळी सकाळी शाळेचा माणूस दारात उभा! मुलाचं नाव गेलं आणि चारचौघांत शोभा झाली ती वेगळीच. शिकलेसवरलेले लोक, आणि लबाडी करायची ती मुलाच्या शाळेशी! आपल्या लोकांना हे शोभत नाही, असं माझ्या नावाने सांग तिला.

त्या पानाचं म्हणशील तर पूर्णत्व कसलं घेऊन बसलीस! गटात वाटलं तर लोक म्हणतील, सुहासिनीताईंना आम्ही काय बेघर वाटतो? इथे ज्याच्या त्याच्या दारात दोन दोन गाड्या. तुझा अनिलकाका म्हणतो, असू दे एक पान, काय बिघडतं. त्याला सगळंच असू दे असतं, म्हणून तर आमचं गॅरेज भरलं आहे.

दिवाळीचा फराळ यंदा लवकर पाठवते. इशिताला चिरोटे आवडतात ना अजून?

तुझी मावशी


सांता क्लारा
६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

कामात आहे म्हणून थोडक्यात. यंदा फराळ नको पाठवूस. मिलपिटसला माझी मैत्रीण आसावरी आहे, तिच्याबरोबर मिळून करणार आहे. आधीच फार होईल. चिरोटे अजून आवडतात.

मैत्रिणीला तुझा निरोप दिला. ती काही बोलली नाही.

तुझी रेणू


वेस्ट विंडसर
२७ ऑक्टोबर

चि. रेणू,

तू नको म्हणालीस तोवर फराळ निघाला होता. आणि ऐक, तो आख्खी अमेरिका पाहून आज परत घरी आला! खोक्यावर शिक्का आहे की या पत्त्यावर असं कोणी राहत नाही. पत्ता अनिलने लिहिला होता, तेव्हा अपार्टमेंटचा नंबर चुकवला असणार. तो म्हणतो बरोबर लिहिला. चाळीस वर्षं तो बरोबरच असतो.

चकल्यांचा भुगा झाला, तो आम्ही भेळेत घातला. नंबर नीट लिहून पाठव. दिवाळीत तुझा फोनही दोन मिनिटांत संपला. तब्येत बरी आहे ना?

तुझी मावशी


मिलपिटस, कॅलिफोर्निया
२ नोव्हेंबर

प्रिय सुहासआजी,

हे माझं मराठी शाळेचं होमवर्क आहे. अबोलीताई म्हणाल्या, नात्यातल्या मोठ्या माणसाला पत्र लिहा आणि एक प्रश्न विचारा. मी तुला लिहिते कारण तू स्कूलचे रूल्स मराठीत करतेस, सो तुला माहीत असेल.

माझा प्रश्न. स्कूलला खोटं सांगितलं तर एक्सपेल करतात का? हे माझ्या फ्रेंडबद्दल नाहीये. माझ्याबद्दल आहे.

आम्ही ऑगस्टपासून मिलपिटसला अनिकाच्या घरी राहतो. समरमध्ये बाबाचा जॉब गेला. आता छोटा जॉब आहे, त्यामुळे आपला व्हिसा ओके आहे, पण आमचं अपार्टमेंट खूप एक्सपेन्सिव्ह होतं. अनिकाचे बाबा देवांगकाका आणि आई आसावरीमावशी. ते खूप नाइस आहेत. मी अनिकाच्या रूममध्ये बंक बेडवर वर झोपते. आई-बाबा खालच्या ऑफिस रूममध्ये. आई खूप पोळ्या करते. आसावरीमावशी म्हणते अगं बस कर, तरी करते.

सकाळी आई मला जुन्या स्कूलला ड्राइव्ह करते. खूप ट्रॅफिक असतो. मी कारमध्ये ब्रेकफास्ट करते. कोणी विचारलं तर जुना ॲड्रेस सांगायचा, कारण मिलपिटस आमच्या स्कूलचं नाहीये. राज माझा बेस्ट फ्रेंड आहे. तो म्हणाला, मी बाइकवर तुझ्या घरी येऊ का? मी म्हणाले, आमच्याकडे गेस्ट आहेत. ॲक्चुअली आम्हीच गेस्ट आहोत.

लास्ट वीक मला स्कूलमध्ये फीव्हर आला. मी नर्सकडे गेले नाही. नर्स आईला फोन करते, आणि आईला यायला खूप वेळ लागला असता, आणि नर्स म्हणाली असती, तुमचं घर तर जवळ आहे. म्हणून मी डेस्कवर डोकं ठेवलं आणि टीचरला सांगितलं आय ॲम टायर्ड.

हे आईला दाखवलं नाही. अबोलीताई सगळ्यांची पत्रं पोस्ट करणार आहेत. मिस्टेक्स असतील तर सॉरी.

तुझी
इशिता


वेस्ट विंडसर
१० नोव्हेंबर

माझ्या इशिता,

तुझं पत्र मिळालं. मिस्टेक्स मी शोधल्या नाहीत, कारण मला ते फार आवडलं. अबोलीताईंना सांग, आजीने दहापैकी दहा दिले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुला कोणी एक्सपेल करणार नाही. तू काही वाईट केलेलं नाहीस. मोठी माणसं घाबरली की मुलांना नको ती कामं सांगतात, आणि तुझे आई-बाबा फार घाबरलेले आहेत. ते तुझ्यावर खूप प्रेम करतात म्हणूनच घाबरले आहेत.

आता मी तुला काय करणार आहे ते सांगते, कारण तुझ्या पाठीमागे मला काही करायचं नाही. मी आज आईला लिहिणार आहे की इशिताने मला विचारलं. ती तुला रागावणार नाही. रागावलीच तर मला फोन कर, मग मी तिला रागावते. माझा तिच्यावर हक्क आहे, मी तिला अंघोळ घातली आहे.

आणि बरं नसलं की नर्सकडे जायचं. घर कुठेही असो, तिला सांगायचं, मला ताप आला आहे.

तुझी
सुहासआजी


वेस्ट विंडसर
१० नोव्हेंबर

रेणू,

आधी तुझ्यावर रागावून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी ऑगस्टपासून दुसऱ्याच्या घरी राहते आणि मी तिला अपार्टमेंटचा नंबर विचारते! एक फोन करता आला नाही तुला? झालं रागावून.

इशिताने मला सगळं लिहिलं. मराठी शाळेच्या होमवर्कात. तिला काही बोलायचं नाही, मी तिला शब्द दिला आहे.

आता माझं ऐक. तू मैत्रिणीसाठी म्हणून विचारलंस आणि मी तुला लबाड म्हणून मोकळी झाले. ‘ती काही बोलली नाही’ हे तुझं वाक्य मी आज दहा वेळा वाचलं असेल. मला तुझी माफी मागायची आहे, रेणू. आणि खरं सांगू? ते पान मी गाळलं ते वाचून गाळलं नव्हतं. मथळा बघितला आणि बाजूला ठेवलं. आज सकाळी बसून आधी ते वाचलं, मग मराठीत केलं. त्यातलं मुख्य हे:

‘नोकरी गेल्यामुळे, घर सोडावं लागल्यामुळे किंवा अशा एखाद्या अडचणीमुळे तुमचं कुटुंब तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबाच्या घरी राहत असेल, तर तुमच्या मुलाला आधीच्याच शाळेत शिकण्याचा हक्क आहे. नवा पत्ता शाळेच्या हद्दीबाहेर असला तरी हा हक्क राहतो. तुम्ही मागितल्यास जाण्या-येण्याची सोय शाळेने करायची असते. वर्षाच्या मध्येच तुम्हाला पक्कं घर मिळालं तरी मुलाला ते वर्ष त्याच शाळेत पूर्ण करता येतं. यासाठी नेमलेल्या व्यक्तीला भेटा.’

बघितलंस? यात रस्ता नाही, फुटपाथ नाही. यात तुम्ही आहात. मी इथल्या शाळांच्या कचेरीत फोन करून विचारलं. कायदा देशभराचा आहे, म्हणजे तुमच्याकडेही तोच. तू ज्या गठ्ठ्यावर ‘वाचलं’ म्हणून खूण केलीस त्यातही हे पान असणार. मी वाचलं नाही, तू वाचलं नाहीस. दोघींनाही वाटलं, हे दुसऱ्या कोणाचं.

म्हणजे इशिताची शाळा सुटायचं काही कारण नाही, आणि तिने खोटं बोलायचंही नाही. उद्याच्या उद्या जाऊन भेट.

पैसे पाठवते म्हटलं तर शंतनूराव घेणार नाहीत, त्यांना मी ओळखते. ताईला मी काही सांगत नाही, ते तुझं तू बघ. पण पोळ्या जरा कमी कर बाई. आसावरीला तिचं स्वयंपाकघर परत हवं असेल.

तुझी मावशी


मिलपिटस
१५ नोव्हेंबर

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. रेणू लिहिणार होती, पण नकार माझा आहे, म्हणून मीच लिहितो.

तुम्ही पाठवलेलं पान मी वाचलं. तुमची तळमळ पोचली. पण मी शाळेत जाऊन हे सांगणार नाही. राग मानू नका.

देवांग आणि मी कॉलेजात चार वर्षं एका खोलीत राहिलो. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचे आई-वडील महिनाभर ठाण्याला आमच्या घरी होते. त्यांना कोणी बेघर म्हटलं नाही. ते पाहुणे होते. आज आम्ही त्याच्याकडे आहोत. मी जर लिहून दिलं की माझ्या मुलीला घर नाही, तर देवांगच्या घराला मी काय म्हटलं? धर्मशाळा? त्याने स्वतःचं ऑफिस रिकामं करून आम्हाला पलंग टाकून दिला. स्वतः जेवणाच्या टेबलावर बसून मीटिंगा करतो. त्याच्या तोंडावर असा कागद मारायचा?

आणि मावशी, तो शब्द मला माझ्या मुलीच्या नावापुढे बघवणार नाही. वीस वर्षं मी मान खाली घालून काम केलं आहे.

महिनाअखेर दोन इंटरव्ह्यू आहेत. काही तरी होईल. नाहीच झालं तर जानेवारीत इशिताचं नाव इथल्या शाळेत घालू आणि हा प्रकार संपवू. तिला थोडं जड जाईल, पण मुलं रुळतात.

आपला
शंतनू


वेस्ट विंडसर
१६ नोव्हेंबर

चि. शंतनूराव,

रागावले नाही. तुम्ही म्हणता तेच मी सप्टेंबरात म्हणत होते, तुमच्याहून मोठ्या आवाजात. आपल्यात कोणी ना कोणी असतंच, असं म्हणाले होते मी. ते खरंच आहे, देवांग आहेच. तुम्ही स्वतःला पाहुणे म्हणा. मी तर म्हणेन तसंच म्हणा.

पण पाहुण्यांच्या मुलीला शाळेत ताप लपवावा लागत नाही.

हे मी रेणूला लिहिलं नव्हतं. वाटलं, त्याशिवाय काम होईल. ऑक्टोबरच्या शेवटी इशिताला शाळेत ताप भरला होता. ती नर्सकडे गेली नाही. नर्सने फोन केला तर आई इतक्या लांबून येईल आणि पत्ता उघडा पडेल, असा विचार तिने केला. दहा वर्षांच्या मुलीने. मग टेबलावर डोकं ठेवून ती सुटीपर्यंत बसून राहिली, आणि बाईंना सांगितलं की दमले आहे.

मुलं रुळतात म्हणता ना, इशिताही रुळली आहे. आईबापांवर आच येऊ नये म्हणून काय बोलायचं आणि काय नाही, हे तिला आता न चुकता जमतं. जानेवारीत शाळा बदललीत तरी ते अंगातून जाणार नाही.

तो शब्द मलाही आवडत नाही. पण कागदावरचा शब्द तिच्या अंगाला चिकटत नाही हो. कपाटात राहतो, आणि कचेरीतली माणसं तो कोणाला दाखवत नाहीत, तसाही नियम आहे. तो मी आधीच भाषांतरित केला होता, अवघड शब्दांत.

राहिला देवांग. त्याला काय वाटेल ते तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. आधी त्याला विचारा तरी.

माझे आशीर्वाद. इंटरव्ह्यू चांगले जातील.

सुहासिनीमावशी


मिलपिटस
२५ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आज वर खरा पत्ता लिहिला आहे.

तुझं पत्र शंतनूने ऑफिसच्या खोलीत, म्हणजे आमच्या खोलीत, उभ्या उभ्या वाचलं. मला दिलं. तापाचं मला माहीत नव्हतं गं. त्या दिवशी गाडीत ती झोपली होती आणि मी म्हटलं होतं, बरं झालं, आज भुणभुण नाही. मी हे कोणाला सांगू? तुलाच सांगते.

तो वर गेला. इशिता बंकवर वाचत पडली होती. तो शिडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, तुला ताप आला होता? ती म्हणाली, थोडासाच होता, बाबा. खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि मी पोळ्या लाटत होते.

जेवताना त्याने तुझं पान देवांगच्या ताटाशेजारी ठेवलं. देवांगने वाचलं आणि म्हणाला, “शंत्या, एवढंच? यार, माझ्या घराला धर्मशाळा म्हण, खानावळ म्हण, काय वाट्टेल ते म्हण. पोरीला शाळेतून काढलंस तर मात्र मी बोलणार नाही तुझ्याशी.” आसावरीने पान ओढून घेतलं आणि म्हणाली, “या बाईला रोज पोळ्या करायला मनाई आहे असं कुठे लिहिलंय का, बघू दे.” आम्ही सगळे हसलो. शंतनू हसला, मावशी. जुलैनंतर मी तो आवाज ऐकला नव्हता.

काल आम्ही तिघं इकडच्या शाळांच्या कचेरीत गेलो. देवांगने स्वतःहून चिठ्ठी लिहून दिली होती की हे लोक माझ्याकडे राहतात. तिथल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. मी घरून वाक्यं पाठ करून गेले होते. त्यांनी ती म्हणूच दिली नाहीत. इशिताकडे वळून फक्त विचारलं की सध्या तू रात्री कुठे झोपतेस.

इशिताने माझ्याकडे पाहिलं. मग बाबाकडे. शंतनूने मान हलवली. तेव्हा तिने देवांगच्या घराचा पत्ता सांगितला, झिप कोडसकट, आणि वरचा बंक आपला आहे हेही सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, यंदा अशी बरीच कुटुंबं येताहेत, तुमच्यासारखे इंजिनियरही, फक्त फार उशिरा येतात. जूनपर्यंत इशिता याच शाळेत राहील. थँक्सगिव्हिंगच्या सुटीनंतर शाळेची व्हॅन मिलपिटसला दारात येईल. तो शब्द कागदावर होता, बारीक अक्षरात. शंतनूने तो वाचला आणि खाली सही केली.

इंटरव्ह्यूंचं अजून काही कळलेलं नाही. आईला रविवारी फोन करणार आहे, हिंमत गोळा करते आहे.

कचेरीतून निघालो तेव्हा इशिताला शाळेत परत सोडायचं होतं. ती मागे बसली होती. सिग्नलला गाडी थांबल्यावर पुढे वाकून म्हणाली, “आई, आता मला काहीच लक्षात ठेवायला नको ना?”

मी म्हटलं, नको, बाळा.

ती मागे टेकली आणि दोन मिनिटांत झोपून गेली, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. शाळा समोरच्याच वळणावर होती. शंतनू वळला नाही, सरळ पुढे गेला आणि लांबच्या रस्त्याने गाडी हळूहळू चालवत राहिला.

तुझी
रेणू